निर्यातीची द्राक्षं : छाटणीपासून कंटेनरपर्यंत कोणतं काम कधी करायचं

जानेवारी उजाडला की द्राक्षपट्ट्यात एकच प्रश्न फिरायला लागतो : औषधांच्या अंशाच्या तपासणीत सॅम्पल फेल गेलं, आता काय करायचं? त्या वेळी करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. निकाल जानेवारीत कळतो, पण तो ठरलेला असतो नोव्हेंबर-डिसेंबरच्या फवारण्यांत. त्याही आधी, त्या फवारण्या कुठल्या तारखेकडे बघून ठरवल्या यात. बहुतेक बागायतदार आजच्या रोगाकडे बघून औषध निवडतात आणि काढणीची तारीख नंतर ठरवतात. निर्यातीत हे उलटं करावं लागतं. आधी तारीख, मग औषध.

हा लेख ऑक्टोबर छाटणीच्या थॉमसन या बिनबियांच्या जातीसाठी आणि तिच्या वाणांसाठी, समुद्रमार्गे युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी आहे. आखाती देश किंवा रशियासाठी मर्यादा वेगळ्या असल्या तरी कामांचा क्रम हाच राहतो.

सुरुवातीआधी : कोणता नियम कुठून येतो

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. "युरोपचा नियम" असं आपण एका दमात म्हणतो, पण प्रत्यक्षात एकावर एक असे थर असतात.

सर्वांत खाली कोडेक्स. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या या संयुक्त व्यवस्थेने २००७ साली खाण्याच्या द्राक्षांचं प्रमाणक ठरवलं. एक्स्ट्रा, वर्ग १, वर्ग २ ही प्रतवारी, घड कसा असावा, खोक्यावर काय लिहावं, हे त्यात आहे. व्यापारात वाद झाला की कोडेक्सकडे बोट दाखवलं जातं, पण तो थेट कायदा नव्हे.

त्यावर युरोपीय संघाचा कायदा. उर्वरित अंशाच्या कमाल मर्यादा, म्हणजे एमआरएल, ३९६/२००५ या नियमावलीत आहेत. ज्या औषधाला त्या पिकासाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला आपोआप ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागू होते. म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. दर्जाच्या बाबतीत बिनबियांच्या द्राक्षाला किमान १४ ब्रिक्स (साखरेचं माप) आणि घड किमान ७५ ग्रॅमचा, ही कायद्याची अट.

त्याच्याही वर खरेदीदार. कायद्यात बसलेला माल खरेदीदाराच्या अटीत बसेलच असं नाही. जर्मनीतल्या काही मोठ्या दुकानसाखळ्या कायदेशीर एमआरएलच्या एक-तृतीयांशापर्यंतच अंश चालवून घेतात आणि एका नमुन्यात किती वेगवेगळी औषधं सापडली तर चालतील, यालाही आकडा लावतात. मण्याचा आकार, रंग, पॅकिंग हे सगळं त्यांच्याच कागदावर असतं.

आपल्या बाजूला या सगळ्याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा म्हणजे अपेडाची (शेतमाल निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था) ग्रेपनेट ही संगणकीय नोंदव्यवस्था. ती २००६ पासून चालू आहे. रेसिड्यूच्या, म्हणजे औषधांच्या उर्वरित अंशाच्या, तपासणीचं तांत्रिक काम मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे आहे.

टप्पा १ : छाटणीआधी खरेदीदाराचा कागद हातात घ्या

ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच निर्यातदाराशी बोला. फोनवरचं "१८ एमएमचा माल लागेल" एवढ्यावर थांबू नका. लेखी मागा : कोणता देश, मण्याचा किमान आकार, ब्रिक्स, रंग हिरवा की दुधी, एमआरएलच्या किती टक्के अंश चालेल, किती औषधं चालतील, कुठली औषधं पूर्ण वर्ज्य, ग्लोबलगॅप (चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र) लागणार का, त्याबरोबर कामगारांविषयीचं ग्रास्प मूल्यांकन हवंय का.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काढणीचा आठवडा. निर्यातदार तारीख सांगायला टाळाटाळ करतो, कारण तिकडचा बाजार त्याच्याही हातात नसतो. तरी "फेब्रुवारीचा दुसरा आठवडा" इतकं तरी ठरवून घ्या. पुढचं सगळं गणित यावर उभं राहतं.

तपासा : ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र वर्षभरासाठी असतं. ते ऐन फेब्रुवारीत संपत नाही ना? गटाचं प्रमाणपत्र असेल तर गटातल्या प्रत्येक बागेची अंतर्गत तपासणी व्हावी लागते आणि बाहेरची संस्था सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा तपासते. ४९ जणांचा गट असेल तर किमान ७. त्या सातांत कोण येईल हे तुमच्या हातात नाही, म्हणून गटातल्या सगळ्यात ढिल्या सभासदाची वही आधी बघा.

टप्पा २ : प्लॉटची नोंदणी

नोंदणी शेतकऱ्याची नव्हे, प्लॉटची होते. वेगळी जात, वेगळी छाटणी किंवा मधून रस्ता गेला असेल तर वेगळा प्लॉट धरा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांमार्फत ही नोंदणी होते आणि तिचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. सातबारा, प्लॉटचा नकाशा, छाटणीची तारीख, जात, क्षेत्र हे तयार ठेवा.

दोन प्लॉट एकाच नोंदणीत दाखवण्याचा मोह आवरा. तपासणीची फी वाचते खरी, पण एका कोपऱ्यात वेगळी फवारणी झाली आणि नमुन्यात त्याचा अंश आला की सगळं क्षेत्र अडकतं.

अंदाजे उत्पादनही जपून लिहा. ग्रेपनेटमध्ये प्लॉटच्या नावावरून निघालेला माल वजा होत जातो. कमी लिहिलं तर शेवटचे दोन टन कागदावर बसत नाहीत. फुगवून लिहिलं तर दुसऱ्याचा माल तुमच्या नावावर घुसवायला कुणाला तरी जागा मिळते, आणि त्यात काही सापडलं तर नोटीस तुम्हाला येते.

सावधान : मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसू नका. नोंदणी नसलेल्या प्लॉटचा नमुना प्रयोगशाळा युरोपसाठी घेत नाही, मग माल कितीही स्वच्छ असो.

टप्पा ३ : औषधांचं वेळापत्रक उलटं मांडा

या टप्प्याला पूर्ण एक दिवस द्या. द्राक्ष संशोधन केंद्र दरवर्षी लेबल क्लेम (म्हणजे द्राक्षावर वापरायची अधिकृत मान्यता) असलेल्या औषधांची यादी काढतं. बागायतदारांच्या तोंडी ती "अ‍ॅनेक्शर ५" म्हणून आहे. त्यात औषध, प्रमाण आणि काढणीपूर्वीचा थांबा, म्हणजे पीएचआय, दिलेला असतो. चालू हंगामाचीच प्रत घ्या. मोबाइलवर फिरत आलेली जुनी पीडीएफ कितीही ओळखीची वाटली तरी पुसून टाका.

कागदावर काढणीची तारीख सगळ्यात खाली लिहा आणि वर वर जा. समजा, छाटणी १० ऑक्टोबरची आणि काढणी १२ फेब्रुवारीला धरली आहे. एखाद्या औषधाचा पीएचआय ५० दिवसांचा असेल तर ते मारण्याची शेवटची तारीख २४ डिसेंबर, म्हणजे छाटणीनंतरचा ७५ वा दिवस.

आता खरी गोम. निर्यातदाराचा फोन येतो, "बाजार चांगला आहे, १ फेब्रुवारीला काढू." तुम्ही २४ डिसेंबरला फवारणी केली असेल तर हातात ३९ दिवसच आहेत. म्हणून वेळापत्रक मांडताना ठरलेल्या तारखेवरून नव्हे, लवकरात लवकर होऊ शकेल अशा काढणीवरून मोजा. १ फेब्रुवारी धरली तर शेवटची तारीख १३ डिसेंबर येते, छाटणीनंतरचा ६४ वा दिवस. दोन तारखांमधले ते अकरा दिवस म्हणजे तुमचा विम्याचा हप्ता समजा.

खरेदीदाराची अट एमआरएलच्या एक-तृतीयांशाची असेल तर यादीतला पीएचआयही पुरत नाही, कारण तो कायदेशीर एमआरएल धरून काढलेला असतो. अशा मालाला लांब थांब्याची आंतरप्रवाही औषधं पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरायला लागण्याच्या, बरीच आधी संपवा. पुढच्या काळात गंधक आणि खात्रीच्या जैविक घटकांवर भर ठेवा.

मग वर्ज्य यादी करा. ती लाल शाईने लिहून औषधांच्या खोलीच्या दारावर लावा. चार नावं पट्ट्यातल्या सगळ्यांना माहीत असायला हवीत :

लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. २०१० च्या हंगामात याच्याच अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. शेंडा थांबवायला खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतर मारलेलं हे औषध वेलीत दीर्घकाळ टिकतं. "एप्रिलमध्ये मारलं होतं, फेब्रुवारीत कसं दिसेल" हा हिशेब इथे चालत नाही.

क्लोरपायरीफॉस. २०२० च्या नोव्हेंबरपासून युरोपात याची मर्यादा ०.०१ वर आली. पिठ्या ढेकूण किंवा वाळवीसाठी बुंध्याशी ओतायची जुनी सवय अजून गेलेली नाही. शेडमध्ये बाटलीच राहिली नाही तर सवयही मोडते.

क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम. युरोपने यांची मर्यादा मोजता येईल अशा किमान पातळीवर आणली आणि ती ७ मार्च २०२६ पासून लागू झाली. थ्रिप्स किंवा तुडतुड्यांसाठी घेतलेल्या जोड-औषधात यातलं एखादं असू शकतं, म्हणून डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा.

नेहमीची चूक : व्यापारी नावांवरून मोजणं. तीन कंपन्यांचे तीन डबे, पण आत घटक एकच, असं सर्रास असतं. आणि एका डब्यात दोन घटक असतील तर खरेदीदाराच्या मोजणीत ती दोन औषधं होतात. वेळापत्रकात व्यापारी नावाशेजारी तांत्रिक घटकाचं नाव लिहिलंच पाहिजे.

टप्पा ४ : फवारणी आणि वही

अवकाळी पाऊस, त्यावर ढगाळ हवा, डाऊनी (केवडा) रोगाचा डाग दिसला की घबराट उडते आणि टाकीत चार डबे एकदम जातात. निर्यातीचे बहुतेक प्लॉट अशाच दिवशी बाद होतात. पावसाळी दिवसांसाठी वेळापत्रकात आधीच दोन पर्यायी औषधं ठरवून ठेवा, म्हणजे दुकानदाराच्या सल्ल्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

फवारणीयंत्राकडे बघा. नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिट पाणी घ्या. सगळ्या नोझलमधून सारखं येतंय का? झिजलेलं नोझल जास्त औषध टाकतं आणि ते नेमकं घडावर बसतं. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळवताना ब्लोअर (ट्रॅक्टरचं फवारणीयंत्र) बंद करायची सवय चालकाला लावा. नाहीतर टोकाच्या वेलींवर दोनदा फवारा जातो आणि प्रयोगशाळेच्या पिशवीत नेमका तिथलाच घड जाऊ शकतो.

ब्लोअर भाड्याचा असेल तर आधी कुठे चालला होता हे विचारा. सकाळी टोमॅटोवर आणि दुपारी तुमच्या द्राक्षावर, असं झालं तर टाकीच्या तळाशी राहिलेला गाळ ०.०१ ची मर्यादा ओलांडायला पुरतो. टाकी, पाइप, फिल्टर तीन वेळा धुवून घ्या आणि ते पाणी बागेत सोडू नका.

शेजाऱ्याचं औषधही तुमच्या खात्यात पडतं. ऊसपट्ट्यात तणनाशक म्हणून मारलेल्या २,४-डी ची वाफ द्राक्षाला लागली की कोवळी पानं पंख्यासारखी आक्रसतात. हे दिसलं तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून ठेवा. ज्या बाजूला दुसऱ्याचं पीक आहे त्या बाजूच्या एक-दोन ओळी निर्यातीतून बाहेर काढा आणि स्थानिक बाजारात द्या. दोन ओळींचा तोटा परवडतो.

"सेंद्रिय", "टॉनिक", "रेसिड्यू फ्री" अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दल मी कठोर आहे. दोन दिवसांत पिठ्या ढेकूण मारणारं जैविक औषध असेल तर त्यात न लिहिलेलं काहीतरी आहे, असंच धरून चाला. अशा बाटल्यांत कीटकनाशकांची भेसळ सापडलेली आहे. घटकांचं प्रमाण, बॅच नंबर आणि पक्कं बिल नसेल तर ती बाटली बांधावरही आणू नका. घेतलीच तर एक सीलबंद बाटली बाजूला ठेवा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

आता वही. "२४/१२, बुरशीनाशक मारले, १ टाकी" ही नोंद तपासनिसाच्या दृष्टीने कोरा कागद आहे. नोंद अशी हवी : तारीख व वेळ, प्लॉटचा नोंदणी क्रमांक, कारण (उदा. खालच्या पानांवर डाऊनीचे डाग), व्यापारी नाव, तांत्रिक घटक (उदा. डायमेथोमॉर्फ ५० टक्के डब्ल्यूपी), बॅच नंबर, प्रति लिटर प्रमाण, एकूण पाणी, यंत्र कोणतं, फवारणाऱ्याचं नाव, पीएचआय, आणि शेवटच्या रकान्यात या औषधानंतर काढणी करता येईल अशी पहिली तारीख. हा शेवटचा रकाना भरायची सवय लागली की टप्पा ३ चं गणित रोज डोळ्यांसमोर राहतं.

तपासा : दर रविवारी वही, औषधांची बिलं आणि शेल्फवरचा साठा जुळवून बघा. वहीत नाही ते औषध बिलात दिसलं तर ऑडिटर तिथेच थांबतो. जानेवारीत एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही त्याला पहिल्या पानावर कळते.

टप्पा ५ : घडाचा दर्जा

हे काम आपल्याकडचे बागायतदार उत्तम करतात, म्हणून थोडक्यात. वेलीवर घडांची संख्या आधी ठरवा, कारण घड जास्त ठेवून साइज आणि ब्रिक्स दोन्ही मिळत नाहीत. विरळणी वेळेत करा. फार दाट घडात आतले मणी दबून फुटतात आणि प्रवासात तिथूनच कुजायला लागतात. जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड) द्रावणात घड बुडवण्याच्या, म्हणजे डिपिंगच्या, तारखा आणि मात्राही वहीत आल्या पाहिजेत. संजीवकं ही औषधंच आहेत, हे पुष्कळ जण विसरतात.

पाणी उतरल्यावर आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) फिरवा. घडाच्या खांद्याचा, मधला आणि शेंड्याचा मणी वेगवेगळा मोजा. नुसता वरचा मणी चाखून "साखर आली" म्हणू नका, शेंडा नेहमी मागे असतो. कायद्याला १४ ब्रिक्स पुरतं, पण बहुतेक खरेदीदारांना १६ च्या पुढे हवं असतं.

टप्पा ६ : रेसिड्यूचा नमुना

शेवटची फवारणी झाली, सगळे पीएचआय संपले किंवा काढणीपर्यंत संपणार हे वहीवरून पक्कं झालं, की मगच प्रयोगशाळेला बोलवा. नमुना प्रयोगशाळेचा माणूस घेतो, तुम्ही पिशवीत भरून पाठवायचा नसतो. त्याला बागेच्या चारी बाजूंनी, आतल्या-बाहेरच्या सगळ्या ओळींतून घेऊ द्या. "इकडचा माल बघा ना" म्हणत चांगल्या कोपऱ्यात नेण्यात काही हशील नाही. इथे सुटलेला अंश युरोपात रॉटरडॅम बंदरावर सापडला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

सावधान : नमुना दिल्यानंतर बागेत काहीही मारायचं नाही. भुरी दिसली तरी नाही. मारावंच लागलं तर निर्यातदाराला कळवून नमुना पुन्हा द्या. अहवाल फवारणीच्या आधीचा आणि माल नंतरचा, म्हणजे तो अहवाल त्या मालाचा उरतच नाही.

अहवाल आला की "पास" एवढाच शब्द बघून घडी घालू नका. प्रत्येक सापडलेल्या घटकासमोर दोन आकडे असतात, मिळालेला अंश आणि युरोपची मर्यादा. समजा, मर्यादा १ आणि सापडलं ०.४. कायद्याने पास. पण एक-तृतीयांशवाल्या खरेदीदाराकडे हाच माल नापास, कारण ०.४ म्हणजे ४० टक्के. मग किती घटक सापडले ते मोजा आणि टप्पा १ च्या कागदाशी ताडून बघा. अहवालात वहीत नसलेलं औषध दिसलं तर ते कुठून आलं हे त्याच आठवड्यात शोधा : टाकी, शेजारी की बाटली. पुढच्या वर्षी शोधायला पुरावा उरत नाही.

मर्यादा ओलांडली तर यंत्रणेत अंतर्गत इशारा निघतो आणि तो प्लॉट युरोपसाठी थांबतो. अंश उतरायला वेळ देऊन पुन्हा नमुना देता येतो. पण एवढे दिवस घड वेलीवर ठेवले तर साखर, रंग, मणी गळणं यांचं काय होईल, तेही बघा. दोनदा नापास झालेला प्लॉट ओढत नेण्यापेक्षा दुसऱ्या बाजाराचा विचार लवकर करा. मात्र दुसऱ्या बाजारालाही मर्यादा असतातच, देशातसुद्धा. अहवाल निर्यातदाराला दाखवून विचारा, लपवू नका.

टप्पा ७ : काढणी

काढणी पहाटे सुरू करा आणि मणी तापायच्या आत संपवा. ऊन चढल्यावर तोडलेला घड थंड करायला पॅकहाऊसला दुप्पट झगडावं लागतं आणि देठ आधी तपकिरी पडतो. घड देठाला धरून तोडायचा, मण्याला बोट लागलं की लव पुसली जाते. क्रेटच्या तळाशी फोम, एकच थर, सावलीत गाडी.

टोळीला काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं द्या. हात धुवायला पाणी आणि साबण बागेजवळ आहे का, शौचालयाची सोय आहे का, हाताला जखम असलेला माणूस तोडणीवर तर नाही ना, तंबाखू-बिडी बाहेर ठेवली का. लोकांना हे औपचारिक वाटतं, पण फळाला रेसिड्यू नसला तरी जंतू असू शकतात आणि युरोपमध्ये द्राक्ष न धुता खाणारी माणसं पुष्कळ आहेत.

तपासा : प्रत्येक क्रेटवर प्लॉट क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी आहे का? दोन प्लॉटचा माल एका गाडीत येत असेल तर मधे पडदा किंवा वेगळ्या रंगाचे क्रेट. इथे मिसळलेला माल पुढे कुणालाही वेगळा करता येत नाही.

टप्पा ८ : पॅकहाऊस

पॅकहाऊस अपेडाकडे नोंदलेलं असावं. माल आल्यावर टेबलवर बाया कात्रीने फुटलेले, डागी, बारीक मणी काढतात. इथे घाई झाली की एक फुटका मणी आत राहतो आणि तीन आठवड्यांनी उघडलेल्या पनेटमध्ये (छोट्या प्लास्टिक डब्यात) बुरशीचा गोळा निघतो. साधारणपणे अर्ध्या किलोचे दहा पनेट मिळून पाच किलोचं खोकं होतं. प्रवासात वजन घटतं, म्हणून पनेटमध्ये थोडं जास्त भरा. तिकडे वजनात कमी भरलं तर दर्जा चांगला असूनही दावा येतो.

क्रम असा : भरणे, प्रीकूलिंग (माल लगेच थंड करणं), मग बुरशी रोखणारं सल्फर डायऑक्साइडचं पॅड, लायनर (खोक्यातली प्लास्टिकची पिशवी) बंद, मग शीतगृह. तोडणीपासून प्रीकूलिंगपर्यंत चार ते सहा तासांच्या वर जाऊ देऊ नका. शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के.

नेहमीची चूक : प्रीकूलिंगच्या आधीच पॅड टाकून लायनर बंद करणं. गरम घडातून सुटलेली वाफ आत धरते, ओल्या पॅडमधून वायू एकदम सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. त्याशिवाय युरोपमध्ये द्राक्षावर सल्फाइटचा अंश प्रति किलो १० मिलिग्रॅमच्या आतच लागतो.

खोक्यावर जात, वर्ग, मूळ देश, पॅकहाऊसचा संकेतांक, लॉट आणि ग्लोबलगॅप असेल तर १३ अंकी जीजीएन (ग्लोबलगॅपचा क्रमांक). छापील लेबलं आदल्या हंगामाची उरली असतील तर जाळून टाका.

तपासा : हातात येईल ते एक पनेट उचला आणि त्यावरच्या क्रमांकावरून चार तासांच्या आत प्लॉट, काढणीची टोळी, अहवाल आणि फवारणीच्या वहीचं पान समोर आणून दाखवा. कुठेही काम अडकलं तर कंटेनर भरायच्या आधी दुरुस्त करा.

टप्पा ९ : कागद आणि कंटेनर

अ‍ॅगमार्क प्रतवारीची तपासणी, ग्रेपनेटमधली मालाची नोंद आणि वनस्पती-स्वच्छता प्रमाणपत्र. २०१९ च्या डिसेंबरपासून युरोपात अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन सोडून जवळपास सगळ्या ताज्या फळांना हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. या सगळ्या कागदांवरचं वजन, खोक्यांची संख्या आणि प्लॉट क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. एका आकड्याची चूक बंदरावर दोन दिवस खाते.

लाकडी पॅलेटवर उष्णताप्रक्रियेचा शिक्का आहे का बघा. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असणं, हा आंतरराष्ट्रीय नियम. फळ निर्दोष आणि पॅलेटमुळे कंटेनर अडकला, असंही होतं.

कंटेनर आला की दार उघडून हात फिरवा : वास, ओल, आधीच्या मालाचा कचरा. त्याची पूर्वतपासणी झाल्याचा कागद मागा. आधी थंड केलेला माल थंड केलेल्या कंटेनरमध्ये भरा. रीफर, म्हणजे थंड कंटेनर, तापमान टिकवतो, गरम माल थंड करणं हे त्याचं काम नव्हे. दोन-तीन ठिकाणी तापमान-नोंदक ठेवा, एक दाराजवळ. पिंपळगाव किंवा तासगावहून न्हावाशेव्यापर्यंत कंटेनर थंड ठेवणारा जनसेट (डिझेल जनरेटर) चालू राहतो का, यावर एक माणूस लक्ष ठेवू द्या. चालक डिझेल वाचवायला तो बंद करतो, हे गुपित नाही.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालून जायला सुरुवात केली आणि प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. जहाज कुठल्या मार्गाने जाणार हे आधी विचारा. लांबचा मार्ग असेल तर जास्त पिकलेला, देठ सुकायला लागलेला माल त्यात घालू नका, कागदावर तो कितीही बसत असला तरी.

टप्पा १० : कंटेनर गेल्यावर

प्रत्येक लॉटची दोन-तीन खोकी पॅकहाऊसच्या शीतगृहात राखून ठेवा आणि दर आठवड्याला एक उघडून फोटो काढा. तिकडून "माल खराब आला" असा दावा आला तर तुमच्याकडे त्याच लॉटचं उत्तर असतं. राखीव खोकं चांगलं आणि तिकडचं सडलेलं, तर प्रश्न वाहतुकीचा असण्याची शक्यता जास्त. दोन्हींत तीच सड असेल तर बागेत किंवा टेबलवर शोधा.

दावा आला की आधी तापमान-नोंदकाचा आलेख मागा, मग पोहोचल्याच्या दिवशीचा तपासणी अहवाल आणि पनेटवरचं लेबल वाचता येईल असे फोटो. लेबल न दिसणारा फोटो मान्य करू नका, तो कुणाच्याही मालाचा असू शकतो. माल पोहोचल्यावर किती दिवसांत दावा करायचा हे करारात लिहिलेलं असावं. हंगाम सुरू व्हायच्या आधी ते लिहून घेतलं नसेल, तर टप्पा १ च्या कागदात पुढच्या वर्षासाठी आजच एक ओळ वाढवा.